रात्री तीनची साखर

माझ्या थोरल्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि धाकट्याला दमा. ती आता अकरा वर्षांची आहे, तो आठ वर्षांचा. मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. नवरा सातपूरच्या एका कारखान्यात पाळीत काम करतो. सासूबाई वर्षातले बरेच महिने आमच्याकडे असतात आणि उरलेले निफाड तालुक्यातल्या गावी. दवाखान्यात तपासणीला गेलं की बाकावर शेजारी एखादी नवी आई बसलेली असते. मांडीवर फाइल, डोळे रडून सुजलेले. थोड्या वेळाने ती विचारतेच, "तुम्ही एकट्या कसं हो करता हे सगळं?" मी तिला सांगते, की हे एकटीचं काम नाही, आणि एकटीने केलं तर त्यात मुलाला धोका आहे. ते बोलणं बाकावर पुरं होत नाही, तिचा नंबर पुकारला जातो. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

मुलगी साडेचार वर्षांची असताना तिला खूप तहान लागायला लागली. बालवाडीतून आली की तांब्या तोंडाला लावायची. अंथरूण ओलं करणं कधीच बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. फ्रॉक खांद्यावरून ओघळायला लागले. उन्हाळा होता, त्यामुळे तहानेचं कुणाला काही वाटलं नाही. सासूबाई मात्र एका सकाळी म्हणाल्या, "ही मोरीत बसून गेली की तिथे मुंग्या का लागतात गं?" त्यांच्या भावाला म्हातारपणी साखर होती, त्यामुळे त्यांना ती खूण ठाऊक होती. त्यानंतर दोनेक दिवसांत उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं आणि ती खोल, जोरजोरात श्वास घ्यायला लागली. तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. दवाखान्यात बोटाला टोचून रक्त घेतलं तर यंत्रावर आकडाच उमटला नाही. बहुतेक ग्लुकोमीटर ६०० च्या पुढे मोजत नाहीत, आणि तिची साखर त्याच्याही वर होती. या अवस्थेला कीटोअॅसिडोसिस म्हणतात. शरीरात इन्सुलिन नसलं की साखर पेशींत जात नाही, मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आम्लधर्मी होतं. तिथून पुढचे दिवस अतिदक्षता विभागाच्या दारात गेले.

घरी आल्यावर भेटायला येणारी माणसं हळहळत विचारायची, "गोड फार दिलं होतं का लहानपणी?" मी प्रत्येकाला समजावत बसायचे आणि अजूनही बसते, कारण हा गैरसमज आईच्या माथी मारला जातो. टाइप १ मधुमेह गोड खाऊन होत नाही. शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारून टाकते. गोळ्यांनी भागत नाही, कारल्याच्या रसाने भागत नाही, पथ्याने भागत नाही. इन्सुलिन बाहेरून द्यावंच लागतं, रोज, जन्मभर. एका परिचितांनी फार कळकळीने एका वैद्याचा पत्ता दिला होता. ते म्हणे सहा महिन्यांत सुया सोडवतात. अशा सल्ल्यापायी मुलं दगावतात. कळकळ कितीही खरी असली तरी मी असं बोलणं आमच्या घरात पुरं होऊ देत नाही.

सुरुवातीला दोन प्रकारचं इन्सुलिन होतं, एक पाण्यासारखं स्वच्छ आणि एक गढूळ. गढूळ बाटली हलवायची नाही, तळहातांमध्ये हलकेच लोळवायची. सिरिंजमध्ये आधी स्वच्छ ओढायचं, मग गढूळ. आपल्याकडे बाटल्यांतलं इन्सुलिन साधारणपणे एका मिलीलीटरला ४० युनिटचं येतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, केशरी टोपणाची. एकदा औषधाच्या दुकानातून केशरी टोपणाच्या सिरिंजा आल्या. ४० च्या बाटलीतलं औषध त्या सिरिंजने मोजलं, तर चार युनिट म्हणून प्रत्यक्षात दीडच्या आसपास पोटात जातात. उलटी चूक झाली तर अडीचपट जातात. ज्याने त्या आणल्या त्या माझ्या दिराला हा फरक माहीत असायचं कारण नव्हतं, दुकानातल्या पोऱ्यालाही नव्हता. फरक फक्त मला माहीत होता. त्या संध्याकाळी माझ्या मनात आलं, की मी ऑफिसात असते तर?

त्या रात्री मी पतसंस्थेतली एक कोरी खतावणी घेऊन बसले. वेळ, साखर, काय खाल्लं, किती युनिट, कुठे टोचलं, असे रकाने आखले. टोचण्याची जागा लिहायची कारण एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे गाठ धरते आणि औषध नीट शोषलं जात नाही. शेवटचा रकाना होता 'कोणी दिलं'. पहिल्या काही महिन्यांत त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'आई' एवढंच आहे. पुढच्या वह्यांमध्ये 'बाबा', 'आजी', 'मावशी' दिसायला लागतात, आणि अलीकडे मुलीचं स्वतःचं नाव. आमच्या घराचा या वर्षांतला सगळा प्रवास त्या एका रकान्यात आहे.

नवऱ्याला सुईची भीती होती. रक्त पाहिलं की त्याला घेरी यायची, ही घरात थट्टेची गोष्ट होती. त्याने दुसरं काम उचललं. दुसरी पाळी संपवून तो बाराच्या सुमाराला घरी यायचा, आणि मग तीनपर्यंत जागं राहून झोपेतल्या मुलीची साखर बघणं त्याचं. लहान मुलांची साखर रात्री खाली उतरली तर ती झोपेतून उठून सांगू शकत नाहीत. ७० च्या खाली आकडा आला की साखरेचं पाणी, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. बोटाला टोचता टोचता त्याची भीती कमी झाली. एके दिवशी सकाळी वहीत त्याच्या वळणदार अक्षरात 'डावी मांडी, बाबा' असं लिहिलेलं दिसलं. त्यावर आमच्यात एक शब्दही झाला नाही, पण त्या दिवशी मी ऑफिसात बऱ्याच दिवसांनी निवांत डबा खाल्ला.

सासूबाईंना अक्षरं येत नाहीत. पण लासलगावच्या बाजारात कांद्याचे भाव ऐकत जिचं आयुष्य गेलं, तिला आकडे शिकवावे लागत नाहीत. ग्लुकोमीटरवरचा आकडा त्या पहिल्या दिवसापासून वाचायच्या. बाटल्याही ओळखायच्या, कारण एक स्वच्छ आणि एक गढूळ. पुढे डॉक्टरांनी औषध बदललं. दिवसभर पुरणारं एक आणि जेवणाआधी घ्यायचं एक, दोन्ही पेनमधून द्यायची. आता दोन्ही औषधं स्वच्छ. सासूबाईंनी माझ्या हातातून दिवसभराचं पेन घेतलं आणि भाजीच्या जुडीचा रबर काढून त्याला दोन वेढे मारले. "रबरवालं रात्रीचं," म्हणाल्या. अंधारात, चष्मा नसताना, बोटांनाही ते कळतं. आम्ही पुढे कितीतरी पेनं बदलली, पण रबर कायम आहे.

गावी वीज जाते. इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात, गोठून चालत नाहीत, तापून चालत नाहीत. चालू पेन चारेक आठवडे बाहेर राहिलं तर चालतं, पण वैशाखातलं निफाड म्हणजे घरातही भट्टी. तिथे सासूबाईंनी मोठ्या माठात ओली वाळू घालून त्यात लहान मडकं बसवलं आणि वर ओलं फडकं टाकलं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, ही पद्धत चांगली आहे, फक्त औषधाला पाणी लागू देऊ नका. मुलगी सुट्टीत माझ्याशिवाय गावी राहू शकली ती त्या मडक्यामुळे आणि त्या रबरामुळे.

धाकट्याचं दुखणं वेगळ्या वाटेने आलं. दोन वर्षांचा होईपर्यंत प्रत्येक सर्दी छातीत उतरायची. नाशिकची थंडी, त्यातून दिवाळीचा धूर. रात्री खोकून खोकून उलटी, आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. श्वास मोजायला मी तेव्हा शिकले. मूल शांत असताना, शक्यतो झोपलेलं असताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगाचा समजतात. बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, तर आकड्याची वाट बघायची नाही, निघायचं. डॉक्टरांनी दमा हा शब्द उच्चारला तेव्हा घरात सगळ्यांना तो मधुमेहापेक्षा जड वाटला. मधुमेहाचं निदान दवाखान्यातून घेऊन आलो होतो. दमा हा शब्द मात्र घरात आधीपासून होता, सासऱ्यांची शेवटची वर्षं त्यात गेली होती. "पंप एकदा लागला की सुटत नाही," असं सासूबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच मला विरोध केला.

मी वाद घातला नाही. त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी त्यांच्या हातावर आधी औषधाची बाटली ठेवली, मग पंप. पातळ औषध पोटातून सगळ्या अंगभर फिरतं, पंपातलं थेट छातीत जातं, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये, अगदी थोडं पुरतं, हे त्यांनी समजावलं. निळा पंप धाप लागल्यावर. दुसरा रोजचा, धाप लागूच नये म्हणून. रोजच्या पंपानंतर चूळ भरायची. सासूबाईंनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मग ह्याच्या आजोबांना कुणी का नाही दिला?" डॉक्टर गप्प बसले. तेव्हापासून घरात स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायचं नळकांडं, धुऊन, न पुसता, निथळत ठेवायचं काम आजीचं आहे. पुसला की प्लॅस्टिकला औषध चिकटतं, हे ती आता शेजारणींना सांगते. एकदा प्रवासात स्पेसर तडकला, तेव्हा नवऱ्याने अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून वेळ निभावली. ती युक्तीही डॉक्टरांनीच दाखवून ठेवली होती.

दोन्ही मुलं आजारी असली की घरात एक गोष्ट घडते, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मुलं आजाराची तुलना करतात. धाकटा चार वर्षांचा असताना रडून म्हणाला होता, "मला पण टोचा ना." त्याला दिसत होतं, की दर जेवणाआधी सगळे ताईभोवती जमतात. आणि ताईला दिसत होतं, की हा कधीही, काहीही न मोजता लाडू उचलतो. दोघांचं दुःख खरं होतं. यावर मला एक उपाय सापडला, तो म्हणजे दोघांना एकमेकांच्या औषधात काम देणं. तो ताईला साखरेचं पाणी आणून देतो. ती त्याचे श्वास मोजते, कारण तिचा शंभरपर्यंतचा हिशेब पक्का आहे. रात्री झोपताना त्यांना औषधांच्या गोष्टी लागतात. इन्सुलिनची तिची आवडती. टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधलं, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा टोचलं. पहिलं औषध अशुद्ध निघालं, मग त्यांचे सहकारी कॉलिप यांनी ते शुद्ध केलं आणि काही दिवसांनी दुसऱ्यांदा दिलं. तो मुलगा तगला. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवत, हा भाग मी ती मोठी झाल्यावर सांगितला. धाकट्याची गोष्ट अमेरिकेतल्या एका मुलीची. तिचे वडील औषध कंपनीत होते. तिने त्यांना विचारलं, केसांचा फवारा डब्यातून येतो तर माझं दम्याचं औषध का येत नाही? त्यातून १९५६ मध्ये पंप बाजारात आला. "म्हणजे मुलीने शोधला," असं तो दरवेळी ठासून म्हणतो.

शाळेत मी पहिल्या दिवशी मुख्याध्यापकांना भेटले, वर्गशिक्षिकेला भेटले, कागद दिला, ग्लुकोजचा डबा दिला. त्यांनी तो कपाटात नीट ठेवला. पण मुलीची साखर शाळेत सगळ्यात आधी ओळखली ती वर्गाबाहेर बसणाऱ्या मावशींनी. "ताई, ही खाली गेली की हिच्या नाकावर घाम येतो आणि ही उत्तर द्यायचं थांबते," असं त्यांनी मला सांगितलं. मी तोवर हातांची थरथर बघत होते. ती उशिरा येते. मावशी म्हणाल्या ते बरोबर होतं. पुढे मी त्यांना ग्लुकोमीटर शिकवला. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. २०१७ पासून सीबीएसईच्या परीक्षेत मधुमेही मुलांना खाऊ जवळ बाळगायला परवानगी आहे. आमची शाळा राज्य मंडळाची, पण मी तो मुद्दा मुख्याध्यापकांसमोर ठेवला आणि त्यांनी वर्गपरीक्षेला तीच सवलत दिली.

सणवार हा वेगळाच अभ्यास आहे. पोळी लहान की मोठी, भाताची वाटी सपाट की शिगोशीग, यावर युनिट ठरतात, म्हणून आमच्या ओट्यावर वजनकाटा असतो. साधारण एका पोळीत पंधराएक ग्रॅम कर्बोदकं धरायची. पुरणपोळी मात्र फसवते. डाळ आणि तूप यांमुळे तिची साखर उशिरा चढते. जेवणाआधी सगळं इन्सुलिन दिलं तर आधी खाली जाते आणि तीन तासांनी वर. म्हणून होळीला आम्ही डॉक्टरांना विचारून डोस दोन भागांत देतो. संक्रांतीला उलट. साखर उतरली की कुणीतरी मायेने तिळाचा लाडू पुढे करतं. तिळातलं तेल साखर रक्तात लवकर पोचू देत नाही. चॉकलेटचंही तसंच. त्या वेळी लागते ती नुसती साखर, पाण्यात विरघळवून, तिच्या लहानपणच्या वजनाला दोन चमचे आणि आता तीन. लाडू मागाहून. आमच्या सोसायटीतल्या बायकांना हे पाठ झालं आहे. हळदीकुंकवाला वाण म्हणून एकीने मला ग्लुकोजचे पुडे दिले, आणि मला ते फार आवडलं.

पैशाचं लिहायला हवं. साखर तपासायची एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते आणि दिवसाला पाच-सहा लागतात. दंडाला लावायचा सेन्सर चौदा दिवस चालतो आणि दर काही मिनिटांनी आकडा सांगतो, पण तो आम्हाला बारा महिने परवडत नाही. परीक्षा, आजारपण, प्रवास अशा वेळी लावतो. मुलगी आजारी पडल्यावर मी नोकरी सोडली होती. पुन्हा रुजू झाले तेव्हा नात्यातल्या काहींना ते रुचलं नाही. त्या पगारातून पट्ट्या येतात, हे मी त्यांना सांगितलं. दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. दिवसातले काही तास कुणाचाही श्वास आणि कुणाचीही साखर न मोजता, फक्त लोकांच्या ठेवींचे आकडे जुळवत बसणं मला आवश्यक होतं. नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी आणखी एक सुचवलं, मुलीची जात आहे, बाहेर सांगू नका, पुढे लग्नाला अडचण येईल. आम्ही दोघांनी तेव्हाच ठरवलं, की लपवायचं नाही. लपवलेल्या आजाराला रस्त्यात मदत मिळत नाही.

मागच्या थंडीत, जानेवारीतल्या एका रात्री, धाकट्याला जोराचा झटका आला. निळ्या पंपाचे फवारे देऊनही श्वास सावरेना. आम्ही दोघं त्याला घेऊन निघालो. त्याच सर्दीने मुलगीही तापली होती आणि जेवली नव्हती. आजारात खाल्लं नाही म्हणून इन्सुलिन बंद करायचं नसतं. उलट तेव्हाच जास्त वेळा तपासायचं, लघवीत कीटोन बघायचे. हे सगळं मागे घरी, सासूबाईंच्या हाती. नेब्युलायझरचा मास्क मुलाच्या तोंडावर धरून बसले होते, तेव्हा फोन वाजला. "अडुसष्ट आली होती. साखरपाणी दिलं, पाव घंट्यानं पुन्हा पाह्यलं, एकशे चार. कीटोनची पट्टी तिनंच बघितली, रंग बदलला नाही. रबरवालं दिलंय. तू त्याच्याकडं बघ." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. एवढ्या वर्षांत त्या रात्री पहिल्यांदा मी एका मुलाजवळ पूर्णपणे होते, अर्धं मन दुसरीकडे न ठेवता. पहाटे त्याचा श्वास खाली आला, तो वाफेच्या मास्कमधून "भूक लागली" म्हणाला.

आता मुलीला शाळेच्या गाइडच्या शिबिराला जायचं आहे, तीन रात्री, त्र्यंबकेश्वरच्या बाजूला. बाबा जाऊ दे म्हणतो. आजी नको म्हणते, तिथे फार चालवतात आणि चालण्याने रात्री साखर उतरते, जे अगदी बरोबर आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. मुलीने मात्र स्वतःच यादी लिहून माझ्यासमोर ठेवली. दोन मीटर, एकात बिघाड झाला तर म्हणून. पट्ट्या मोजून. पेनं दोन्ही, रबरासकट. ग्लुकोजचे पुडे दप्तरात वेगळे आणि खिशात वेगळे. चालायच्या दिवशी रात्रीचं इन्सुलिन किती कमी करायचं, हे डॉक्टरांना विचारणे. तीन वाजता कोण उठवणार, यापुढे तिने आपल्या दोन मैत्रिणींची नावं लिहिली आहेत. त्यांना शिकवायला ती येत्या रविवारी घरी बोलावते आहे. धाकट्याने सांगितलंय, की साखरपाणी कसं करायचं ते तोच दाखवणार.